वीज पडून गेल्यावर

तिचं खरं नाव आळीत फारसं कुणाला आठवत नसे. लहानथोर सगळे तिला मेगरताई म्हणत. मेगर हे वायरमन लोकांचं यंत्र. डब्याएवढी जड पेटी, बाजूला फिरवायची मूठ, वर काचेआड एक काटा आणि दोन लांब तारा. घरातली वीज बंद करायची, त्या तारा भिंतीतल्या वायरींना लावायच्या आणि मूठ एका लयीत फिरवत राहायची. वायरींवरचं आवरण कुठे करपलंय, कुठे भोक पडलंय का, ते मग काटा सांगतो. आवरण धड असेल तर तो थेट पलीकडच्या टोकाला जाऊन टेकतो. नसेल तर शून्यापाशी लोळण घेतो.

आता बटण दाबलं की आकडे दाखवणारी हलकी यंत्रं मिळतात. तिच्याकडेही होतं एक. पण वीज पडलेल्या घरी जाताना ती जुनी पेटीच खांद्याला लावायची. "बटणाचं यंत्र नुसतं डोळ्यांना सांगतं, हे हाताला कळतं," म्हणायची. आणि ते खरंच होतं. भिंतीत वायर फुटलेली असली की मूठ जड होते. पलीकडून कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी जड.

भिंतीला कान असतात म्हणतात. मेगरताईचे कान भिंतीला असत, अशी आळीत थट्टा चाले. कुणाकडे सहज चहाला गेली तरी बोलता बोलता तिचा तळहात भिंतीवर जायचा. गरम लागते का ते बघायला. नाक सारखं वर असायचं. कुठे काही करपलं, अगदी कुणाच्या घरचं दूध उतू गेलं, तरी ती रस्त्यात थबकायची. लोक हसायचे. ज्यांना कारण माहीत होतं ते हसत नसत.

ती आधी कपड्यांच्या दुकानात शिवणकामाला होती. विजेचं काम म्हणजे दिवा लावणं आणि मालवणं, एवढंच तिला ठाऊक. तिचा धाकटा भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, बायको आणि लहान मुलीबरोबर. एका पावसाळी दुपारी त्याच्या घरावर वीज पडली. टीव्ही गेला, दोन दिवे फुटले, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्याने तिला फोन केला तोच हसत. "ताई, आभाळातली वीज घरातल्या विजेला भेटायला आली होती. सख्ख्या बहिणी ना त्या! भेटली, रडली, गेली." तीही हसली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवीन टीव्ही आला. फक्त भाची अधूनमधून म्हणायची, "बाबा, माझ्या खोलीतला दिवा डोळे मिचकावतो." तिच्या बोलण्याचंही सगळ्यांना कौतुकच वाटलं.

पुढे काही आठवड्यांनी, भर दुपारी, मायलेकी बाहेर गेलेल्या आणि भाऊ झोपलेला असताना, त्या खोलीच्या भिंतीतून आग निघाली. तो बाहेर आलाच नाही.

पाहणीला आलेल्या माणसाने कागदावर शॉर्टसर्किट लिहिलं. तिने विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं?" तो म्हणाला, "बाई, शॉर्टसर्किट झालं." तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. भावजय मुलीला घेऊन माहेरी निघून गेली आणि मेगरताई त्या एका शब्दापाशी अडकून राहिली. शेवटी बाजारातल्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या दुकानात जाऊन बसली. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, वीज पडल्यावर जे पुरतं जळतं ते दिसतं, माणूस ते बदलतो. जे अर्धवट जळतं ते भिंतीत तसंच राहतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, आपण म्हणतो वाचलो. आणि ते आत थोडं थोडं जळत राहतं."

त्या दिवसापासून ती त्यांच्या हाताखाली शिकली. शिवणयंत्र विकून टाकलं. उस्ताद गेले तेव्हा त्यांची पेटी आणि बाजारातलं दुकान तिच्याकडे आलं.

हे सगळं जुनं झालं. आता सांगायचं ते घड्याळजींच्या घरचं.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. चढावरच्या रस्त्याला शेवटचं दुमजली घर त्यांचं. दुकान कधीच बंद केलेलं, पण हाताला अजून बारीक कामाची सवय. बोलताना दोन बोटं अशी धरायचे, जणू त्यात स्क्रू आहे. वादळाच्या दिवशी त्यांच्या गच्चीवरच्या लोखंडी खांबावर वीज पडली होती. खांब वाकला, गच्चीच्या कठड्याचा तुकडा उडाला. वीजमंडळाची माणसं मीटर बदलून गेली. सगळे दिवे लागत होते. तरीही काही दिवसांनी घड्याळजी मेगरताईच्या दारात उभे राहिले.

"ताई, एकदा येऊन बघता का?"

"काय होतंय काका?"

ते जरा घुटमळले. "वरच्या खोलीतला दिवा... मिचकतो."

  मेगरताईने पायात चपला सरकवल्या आणि पेटी उचलली.

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, सगळी एका सुरात टिकटिकणारी. घड्याळजींच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं, पण स्वागताचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. पेटीकडे बघून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "हिला कशाला आणलंत?"

"नुसतं बघून जातील," घड्याळजी म्हणाले.

"बघायचं काय त्यात? सगळं छान चाललंय."

मेगरताईने आधी खालच्या मजल्याचं काम घेतलं. तिथली लाइन वेगळी काढता येत होती. फ्यूज काढले, दिवे होल्डरमधून उतरवले, फ्रिजची पिन उपसली, न्यूट्रलची, म्हणजे परतीची, तार सोडवली. मग मूठ फिरवली. काटा सरळ शेवटपर्यंत गेला. स्वयंपाकघरात जरा कमी दाखवला, पण तिथे भिंतीला ओल होती, ते साहजिक होतं. मूठ हाताला हलकी लागत होती. तिने पुन्हा सगळं जोडलं आणि जिन्याकडे वळली. पण काकू जिन्यात आडव्या उभ्या होत्या.

"वर नाही."

"काकू, वीज वरून आली ना, वरचंच बघायला हवं. दहा मिनिटं दिवे बंद—"

"तो दिवा बंद करायचा नाही."

घड्याळजी खाली मान घालून उभे होते. मग त्यांनीच सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या घड्याळाचा बिघाड सांगावा तसं. वरची खोली मुलाची. एकुलता एक. लहानपणापासून अंधाराला भ्यायचा. मोठा झाला, नोकरीला लागला, तरी उशाशी दिवा लागायचाच. मित्र चिडवायचे, त्याची पर्वा नव्हती. पुढे आजारी पडला आणि त्याच खोलीत बराच काळ झोपून काढला. शेवटी शेवटी बोलणंही कमी झालं, तेव्हा एवढंच म्हणायचा, आई, दिवा राहू दे. आईने शब्द दिला होता. तो गेल्यावरही तिने तो दिवा कधी मालवला नव्हता.

"वीज जाते तेव्हा जातो," काकू म्हणाल्या. "दिवा जळून गेला तर मी दुसरा लावते. पण मी होऊन कधी बटणाला हात लावलेला नाही. आणि आता तर मुळीच लावणार नाही."

"आता म्हणजे?"

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही समजून घेईल की नाही, असा अंदाज घेत होत्या बहुतेक. मग वाटेतून बाजूला झाल्या. "ये. बघच तू."

खोलीत दिवसाउजेडी दिवा जळत होता. खिडकीला पडदा, एक पलंग, चादर ताणून घातलेली, भिंतीला लागून उभं लाकडी कपाट. बाहेर आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे दिव्याचा पिवळा उजेड भिंतीवर जास्तच उमटला होता. काकू पलंगाच्या काठावर बसल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बाळा, उठलास का?"

दिवा दोनदा मिचकला.

घड्याळजी दाराशी उभे होते. त्यांचे डोळे दिव्यावर खिळले होते. मेगरताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला उमगलं की हा माणूस आपल्या दारात बिघाड सांगायला आला नव्हता. दिव्यात काही आहे की नाही, हे कुणीतरी परक्याने सांगावं म्हणून आला होता. आणि सांगू नये म्हणूनही.

"वीज पडल्यापासून बोलतो," काकू म्हणाल्या. चेहरा उजळला होता. "हो म्हणायचं असलं की दोनदा. नाही म्हणायचं असलं की गप्प राहतो. इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते. आता बोलतो. सकाळी मी अंघोळीला पाणी तापत टाकलं की तर फारच मिचकतो, लहानपणी उठल्यावर बडबड करायचा ना, तसा."

मेगरताईला कळायचं ते कळलं. याच खोलीतून वायर पुढे न्हाणीघरातल्या गीझरला जाते. मधेच कुठेतरी जोड अर्धवट वितळलाय. गीझर चालू झाला की त्या जोडावर भार येतो आणि ठिणग्या उडतात. तिने भिंतीला हात लावला. कपाटाशेजारी भिंत कोमट होती. आणि मग वास आला. फार बारीक, जुना, करपल्याचा. पण तिच्या घरातही तिला तो कधीमधी यायचा, जिथे काहीच जळत नसे. क्षणभर तिला ठरवता येईना की हा वास इथला आहे की तिचा स्वतःचा.

"काकू," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. "दिवा बंद करा."

"नाही."

"काकू, माझ्या भावाच्या घरीही वीज पडली होती. त्याच्या मुलीच्या खोलीतला दिवा असाच मिचकायचा. आम्ही हसलो. माझा भाऊ त्या घरात जळून गेला."

 खालच्या घड्याळांची टिकटिक तेवढी वर येत होती.  काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. घड्याळजी म्हणाले, "मी नाही सांगणार. तूच ठरव."

काकू उठल्या. दिव्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. मान वर करून त्यांनी विचारलं, "बाळा, ही बाई दिवा बंद कर म्हणते. करू का रे?"

 गीझर बंद होता. वरच्या मजल्यावर दुसरं कसलंही यंत्र चालू नव्हतं, वाराही पडला होता. आणि दिवा मिचकला. एकदा. थांबला. मग दुसऱ्यांदा.

 काकूंनी बटणावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बटण दाबलं. खोलीत ढगाळ दिवसाचा करडा उजेड पसरला आणि त्या उजेडात तिघांचेही चेहरे अनोळखी दिसू लागले.

मेगरताईने खाली जाऊन मेन स्विच पाडला. परत आली, तारा लावल्या आणि मूठ धरली. पहिल्या फेऱ्यालाच कळलं. मूठ इतकी जड झाली की तिला दुसरा हात लावावा लागला. काटा शून्यापासून हलेना. घड्याळजी वाकून काचेत बघत होते. त्यांना काट्याची भाषा शिकवायची गरज नव्हती.

तिने दोन्हीकडचे जोड सोडवून एकेक तुकडा वेगळा तपासला. दारापर्यंतची वायर चांगली. न्हाणीघराकडची चांगली. उरला तो कपाटामागचा भाग. तिघांनी मिळून कपाट ओढलं. कपाटाची मागची फळी मध्यभागी तपकिरी झाली होती, इस्त्री विसरल्यावर कापड होतं तशी. आत मुलाचे कपडे घडी करून ठेवलेले. फळीला टेकलेल्या शर्टाची पाठ पिवळी पडली होती. मेगरताईने भिंतीतल्या डब्याचं झाकण काढलं. आत काळी राख, वितळून घट्ट झालेलं प्लॅस्टिक आणि तांब्याचा एक मणी, जिथे जोड असायला हवा होता तिथे.

घड्याळजींनी फळीवरच्या डागावरून बोट फिरवलं. "अजून किती दिवस टिकलं असतं?"

"सांगता येत नाही काका. आजही गेलं असतं."

काकूंनी फळीकडे नीट पाहिलंही नाही. त्यांनी तो शर्ट उचलून छातीशी धरला होता. "म्हणजे तो बोलत नव्हता," त्या म्हणाल्या.

असल्या वेळी खोटं बोललेलं चालतं असं लोक म्हणतात. मेगरताईच्या जिभेवर एक गोड खोटं आलंही होतं. पण भिंतीबद्दल खोटं बोलायचं तिला जमत नसे. "तार जळत होती काकू. त्यामुळे दिवा हलत होता."

"आणि मी विचारलं तेव्हा? तेव्हा हो कोण म्हणालं?"

 वितळलेला जोड कधीही ठिणगी टाकतो, भार असो वा नसो, हे मेगरताईला ठाऊक होतं. ते बोलून दाखवावं असं तिला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते तिलाही पुरेसं वाटलं नाही.

तिने ती लाइन कापली आणि वायरींची टोकं बांधून ठेवली. दोन दिवसांनी येऊन भिंतीवरून नवी वायर ओढली, गीझरची वेगळी लाइन टाकली, पुन्हा मेगर लावून बघितला. काटा थेट शेवटाला गेला. नवा दिवा लावला, तो स्वच्छ, स्थिर जळू लागला. काकू दाराशी आल्या, थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिल्या. काहीतरी पुटपुटल्या. दिवा तसाच जळत राहिला.

"वाचवलंस ग बाई आम्हाला," त्या म्हणाल्या. "आता येऊ नकोस."

ती गेली नाही. घड्याळजी मात्र कधीतरी बाजारात भेटायचे. एकदा म्हणाले, ही आता त्या खोलीत बोलत नाही. पुढच्या खेपेला म्हणाले, ताई, रागावू नका, पण मलासुद्धा चुकल्यासारखं होतं. जिना चढताना मीही चोरून विचारायचो काहीबाही. हिच्याआधी मीच सुरू केलं होतं.

मेगरताईचंही काही बरं चाललं नव्हतं. त्या घरातला वास तिच्याबरोबर आला होता. ती भिंतीला हात लावायची, भिंत गार असायची. पेटी काढायची, मूठ फिरवायची, काटा बरोबर टोकाला जायचा. आणि वास तसाच. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मधेच तिला वाटायचं, आता दिवा हलेल. आपणही काहीतरी विचारावं का, असं मनात येऊन ती दचकायची. काय विचारणार होती? भावाला जाग आली होती का, एवढंच. पण तिच्या घरातली वायरिंग तिने स्वतः केलेली होती आणि दिवे तिचे कधीच हलत नसत.

पाऊस संपून ऊन पडायला लागलं तेव्हा एके दिवशी सकाळी दुकानाच्या फळीवर कुणीतरी बोट वाजवलं. काकू होत्या. चढ उतरून चालत आलेल्या, धाप लागलेली. तिने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. काकू पाणी प्यायल्या आणि भांडं त्यांनी हातातच ठेवलं.

"मी काल तो दिवा बंद केला," त्या म्हणाल्या. "स्वतः. कुणाला न विचारता."

"मग?"

"मग काय. अंधार झाला. बसले तिथेच अंधारात. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटली. तो आहे असंही वाटलं नाही, नाही असंही नाही. मग खाली येऊन झोपले. आज उठल्यावर तुझी आठवण झाली. तुझा भाऊ जळून गेला म्हणालीस त्या दिवशी. मी तेव्हा माझ्याच तंद्रीत होते. विचारलंच नाही."

"काय विचारायचंय? आग कशी लागली ते?"

"ते नको. कसा होता तो?"

मेगरताई बघतच राहिली. इतक्या वर्षांत लोकांनी तिला आगीबद्दल विचारलं होतं, वायरीबद्दल विचारलं होतं, दार आतून बंद होतं का विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. 

"बडबड्या होता," ती म्हणाली. "घास तोंडात असताना बोलायचा. आई रट्टा द्यायची. पोहायला घाबरायचा, पण सगळ्यांना सांगायचा मी नदी पार केली." तिला हसू आलं. "आणि गाणं म्हणायचा काकू, इतकं बेसूर, की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्याला वाटायचं ऊन लागतंय म्हणून लावतात."

काकूंनी भांडं खाली ठेवलं आणि स्टूल जरा जवळ ओढलं. "माझा गायचा नाही," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजवायचा. सांग पुढे."

समोरच्या रस्त्यावरून सायकली, हातगाड्या जात होत्या. एक गिऱ्हाईक होल्डर मागायला आलं, दोघींकडे बघून जरा रेंगाळलं आणि नंतर येतो म्हणत निघून गेलं. मेगरताईचं तिकडे लक्षही नव्हतं. ती भावाच्या लग्नात त्याने बूट कुठे हरवले ते सांगत होती.